तुम्ही विचारलंत म्हणून: 1991चे मनमोहन सिंग 2011मध्ये कुठे गेले?

मनमोहन सिंगांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. अर्थमंत्री म्हणून ज्यांनी पाच आठवड्यांत देशाची दिशा बदलली, ते पंतप्रधान झाल्यावर, विशेषतः दुसऱ्या कार्यकाळात, एवढे का अडले? बहुतेक जण उत्तर त्यांच्या मितभाषी स्वभावात शोधतात. मला ते पटत नाही. कुठल्याही निर्णयाबद्दल आधी दोन गोष्टी बघाव्यात: सही कुणाची लागते आणि संमती कुणाची.

21 जून 1991ला ते अर्थमंत्री झाले, तेव्हा परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. रुपयाचं अवमूल्यन, म्हणजे डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत कमी करणं, अटळ होतं. पण 1966च्या अवमूल्यनाचा इंदिरा गांधींना झालेला राजकीय ताप काँग्रेस विसरली नव्हती, म्हणून ते दोन टप्प्यांत केलं. 1 जुलैला लहान टप्पा, बाजाराचा अंदाज घ्यायला. 3 जुलैला मोठा. दोन्ही मिळून 18-19 टक्के. डॉलर 21 रुपयांवरून 26च्या आसपास गेला. दुसरा टप्पा थांबवावा असं पंतप्रधान नरसिंह रावांना वाटू लागलं होतं, पण सिंगांचा फोन पोचेपर्यंत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी नवा दर लागू केला होता. त्याच महिन्यात सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून जवळपास 40 कोटी डॉलर उभे केले.

पुढची पायरी फार कमी लोकांच्या लक्षात राहते. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराच्या हातात प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपये पडतात. मग त्याला सरकारने वेगळं रोख अनुदान कशाला द्यायचं? ते त्याच आठवड्यात बंद झालं आणि तिजोरीवरचा भार हलका झाला. 24 जुलैला एकाच दिवशी औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प आला. 18 उद्योग वगळता कारखान्यासाठी लागणारे सरकारी परवाने गेले, 34 उद्योगांत 51 टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळू लागली.

अर्थसंकल्प सोडला तर यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागला नाही. दर रिझर्व्ह बँकेच्या हातात, परवाने अधिसूचनेने सुटणारे. उद्योग खातं खुद्द रावांकडे होतं. मुख्य आर्थिक सल्लागार, अर्थसचिव, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, या सगळ्या खुर्च्यांवर बसलेल्या सिंगांना कुठली फाईल कुठे अडते हे पाठ होतं. अल्पमतातलं सरकार सांभाळणं, पक्षातल्या नाराजांची समजूत घालणं हे काम रावांचं. (हे राव 1984 आणि 1989ला आपल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले होते.)

आणि जिथे संमती मतदाराची लागली, तिथे 1991मध्येसुद्धा माघार झालीच. खताचे भाव 40 टक्के वाढवायचा प्रस्ताव होता. पक्षातूनच ओरड झाली, वाढ 30 टक्क्यांवर आली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना त्यातूनही सूट द्यावी लागली.

आता 2004 नंतरचं बघा. पंतप्रधान झाले, पण त्यांना 'राव' नव्हते. लोकसभेची एकमेव निवडणूक 1999ला दक्षिण दिल्लीतून लढवली, ती हरले. राज्यसभेत ते आसाममधून होते. पक्षाची सूत्रं सोनिया गांधींकडे, मंत्र्यांची नावं घटक पक्षांच्या वाट्यातून ठरलेली. दूरसंचार खातं द्रमुककडे राहिलं, ते याच गणितामुळे. उरलेल्या कामांत वस्तू व सेवा कर होता: त्यासाठी घटनादुरुस्ती हवी आणि राज्यांची संमतीही. विधेयक मार्च 2011मध्ये लोकसभेत आलं आणि तसंच पडून राहिलं.

त्यात अर्थकारणातली चूकही होती, ती लपवू नये. 2008च्या जागतिक मंदीत करकपात आणि खर्च वाढवणं योग्यच होतं, पण ते वेळेत मागे घेतलं नाही. वित्तीय तूट, म्हणजे सरकारला कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, 2007-08मध्ये जीडीपीच्या (देशाच्या एकूण उत्पादनाच्या) 2.5 टक्के होती, ती दोन वर्षांत 6च्या पुढे गेली. महागाई चढली, 2012-13मध्ये चालू खात्यावरची तूट (परदेशाशी व्यवहारात कमाईपेक्षा जास्त गेलेलं चलन) जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर पोचली, आणि ऑगस्ट 2013मध्ये डॉलर 68 रुपयांपर्यंत गेला. हे अर्थतज्ज्ञाला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं, म्हणूनच माझी तक्रार जास्त आहे.

कारण सरकार पणाला लावायची हिंमत त्यांच्यात होती. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारासाठी त्यांनी डाव्यांचा पाठिंबा गमावला आणि 22 जुलै 2008चा विश्वासदर्शक ठराव 275 विरुद्ध 256ने जिंकला. ती हिंमत अर्थकारणात त्यांनी सप्टेंबर 2012मध्ये वापरली: सरकारी अनुदानावर स्वस्त ठेवलेलं डिझेल एकदम लिटरमागे 5 रुपयांनी महाग केलं, किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय गुंतवणूक आणली, घटक पक्ष तृणमूल काँग्रेस सरकारमधून बाहेर पडली तरी मागे हटले नाहीत. जानेवारी 2013पासून डिझेल दर महिन्याला साधारण 50 पैशांनी वाढू लागलं. लहान टप्प्यांची तीच 1991ची रीत, आणि ती लागू पडली: ऑक्टोबर 2014मध्ये डिझेल पूर्ण नियंत्रणमुक्त झालं. तोवर सरकार बदललं होतं. हीच वाढ 2009च्या विजयानंतर लगेच सुरू झाली असती, तर तुटीचा बराच भाग तेव्हाच आटोक्यात आला असता.