तुम्ही विचारलंत म्हणून: 'जागते रहो'च का?

"सर, राज कपूर म्हटलं की सगळे 'आवारा' नाहीतर 'श्री ४२०' काढतात. तुम्ही दर उन्हाळ्यात 'जागते रहो'च का लावता?" लातुरातली आमची पोरं हे विचारतातच.

१९५६ चा सिनेमा. शंभू मित्रा आणि अमित मैत्र यांनी केलेला. गोष्ट एकाच रात्रीची. खेड्यातला एक माणूस कलकत्त्यात येतो. तहान लागली म्हणून एका मोठ्या इमारतीच्या आवारात शिरतो आणि ओरडा होतो, 'चोर, चोर!' मग जीव मुठीत धरून तो या घरातून त्या घरात लपत फिरतो. आत बघतो तर कुणी दारू पिऊन बायकोला छळतंय, कुणी खोट्या नोटा छापतंय. आणि हीच मंडळी बाहेर काठ्या घेऊन चोर शोधतायत. काठी हातात असली की चेहरा कोण बघतंय! राज कपूर जवळजवळ सिनेमाभर बोलतच नाही. (माझ्या मते त्याचं हे सगळ्यात चांगलं काम.) शेवटी पहाटे नर्गिस विहिरीचं पाणी त्याच्या ओंजळीत ओतते.

हे झालं पोरांना द्यायचं उत्तर. खरं उत्तर २०१६ चं आहे.

मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तो उन्हाळा. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून गावात १४४ कलम लावलेलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये विकतचा टँकर हौदात रिकामा व्हायचा. पहाटे सहाला घरटी दोन घागरी, वहीत सही करून. रात्री हौदाला हात लावायचा नाही, असं मीटिंगमध्ये ठरलेलं. ठराव माझ्याच अक्षरात.

एका रात्री दीडच्या सुमारास हौदाच्या झाकणाशी एक पोरगा दिसला. शेजारच्या बांधकामावरचा. गोडेतेलाच्या पाच लिटरच्या डब्याला सुतळी बांधून तो पाणी शेंदत होता. मी ओरडलो, "चोर!"

दिवे लागले. बनियनवर माणसं खाली आली. कुणीतरी त्याच्या कानाखाली काढली. डबा लवंडला, फरशीवर पाणी पसरलं, आणि तेवढ्या गर्दीत दोघंतिघं त्या ओल्यातून पाय उचलून बाजूला झाली, चपला भिजू नयेत म्हणून. पोरगा पळाला. डबा तिथंच राहिला.

"सर, तुम्ही जागे होतात म्हणून बरं," वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले.

दीड वाजता मी खाली काय करत होतो, हे कुणी विचारलं नाही. जिन्याखाली पोत्याआड माझ्या दोन कळशा होत्या. भरलेल्या.