हामा-रिक्यू: शोगुनच्या तळ्यातील भरती-ओहोटी

टोकियोच्या शिंबाशी स्थानकातून बाहेर पडून उड्डाणपुलांखालून आणि शिओदोमेच्या काचेच्या उंच इमारतींमधून दहा-बारा मिनिटे चालले की एक खंदक लागतो. त्यावरील पूल ओलांडून ओतेमोन दरवाजाशी ३०० येनचे तिकीट काढले आणि आम्ही हामा-रिक्यू बागेत शिरलो. दारापासून जवळच १७०९ साली लावलेला म्हणून सांगतात तो काळा पाइन वृक्ष आहे. उंच वाढण्याऐवजी तो आडवा पसरला आहे आणि वडाला पारंब्या असाव्यात तसे त्याच्या फांद्यांना जागोजागी लाकडी टेकू दिलेले आहेत.

मात्र या बागेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे शिओइरी-नो-इके हे खाऱ्या पाण्याचे तळे. टोकियोतील एदो काळच्या, म्हणजे शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीतल्या, इतर बागांच्या तळ्यांत आता गोडे पाणी आहे. येथे मात्र टोकियो उपसागराचे पाणी आजही आत-बाहेर करते. कोकणात खाजणाच्या बांधाला जशी उघाडी असते तशीच एक झडप समुद्राच्या बाजूला असून, भरती-ओहोटीनुसार ती उघडून-मिटून तळ्याची पातळी राखली जाते. आम्ही सकाळी अकराच्या सुमारास पोहोचलो तेव्हा काठाच्या दगडांवर कोरड्या आणि ओल्या भागांमधली रेघ स्पष्ट दिसत होती. दीड वाजता परतलो तेव्हा ती रेघ पाण्याखाली गेली होती आणि उथळ कडेला बोयसारखे मासे फिरत होते. घाईने फेरी मारणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही, म्हणून येथे किमान अडीच तास काढावेत. जपानच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर टोकियोच्या भरती-ओहोटीच्या वेळा मिळतात, त्या आधी पाहून ठेवाव्यात. जमल्यास पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडावा, कारण उधाणाला समुद्राच्या पातळीतला फरक अधिक असतो.

ही जागा आधी शोगुन घराण्याची ससाण्यांनी शिकार करण्याची भूमी होती. १६५४ साली कोफूचे सरदार तोकुगावा त्सुनाशिगे यांनी किनाऱ्यालगतचा उथळ भाग भरून घेऊन येथे वाडा बांधला, आणि त्यांचा मुलगा इएनोबू सहावा शोगुन झाल्यावर तो शोगुनच्या मालकीचा झाला. बागेच्या आतल्या अंगाला बदकांच्या शिकारीची दोन तळी आहेत. पाळीव बदकांच्या मागोमाग रानबदके अरुंद चरात शिरत आणि मातीच्या भिंतीआडून, छोट्या भोकातून डोळा लावून बसलेले लोक त्यांना पकडत. ते भोक आजही आहे. वाकून पाहिल्यावर मला शिकारीपेक्षा त्या ताटकळत बसणाऱ्या नोकरांचीच अधिक कीव आली. मारलेल्या बदकांच्या स्मरणार्थ उभारलेला दगडही जवळच आहे.

तळ्याच्या मधोमध असलेल्या नाकाजिमा चहागृहात लाकडी पुलावरून जाता येते. १८७९ साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट आणि सम्राट मेइजी यांची भेट याच जागी झाली. आजची इमारत मात्र १९८३ साली पुन्हा बांधलेली आहे. आत माचा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि एक गोड पदार्थ मिळतो. बूट काढून ताटामीवर, म्हणजे जपानी चटईवर, बसावे लागते, तेव्हा मोजे धड असावेत (माझ्या उजव्या अंगठ्याने तेथे माझी पुरती शोभा केली). गोड पदार्थ आधी खावा, मग माचा प्यावा, म्हणजे कडूपणा बोचत नाही.

बाग सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडी असते, पण साडेचारनंतर आत सोडत नाहीत. वर्षअखेरीस काही दिवस बंद असते. मार्चमध्ये मोहरीसारखी पिवळी फुले, शरदात कॉसमॉस असे हंगाम धरून येणारे पुष्कळ, परंतु फुलांच्या मैदानात सावली जवळजवळ नाही, त्यामुळे उन्हाळ्यात टोपी आणि पाणी बरोबर असावे. आसाकुसाहून जलबसने थेट बागेतल्या धक्क्यावर उतरता येते, मात्र फेऱ्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आदल्या रात्री पाहावे. आम्ही ते पाहिले नव्हते आणि अखेर नाकानोगोमोन दरवाजातून बाहेर पडून शिओदोमेची भुयारी रेल्वे गाठली; परतीसाठी तो दरवाजा ओतेमोनपेक्षा सोयीचा पडतो.