बैरूतचे राष्ट्रीय संग्रहालय : नाशिककरांसाठी काही नोंदी

नाशिकहून लेबनॉनला जाणारे फारसे कोणी भेटत नाही, त्यामुळे तिथे जाऊन आल्यावर, पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल एवढे लिहून ठेवत आहे. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये, आणि पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असल्यास प्रवेश मिळत नाही. कार्डाच्या भरवशावर राहू नये. डॉलरच्या लहान नोटा जवळ असाव्यात. टॅक्सीवाल्याला ‘मतहफ’ (अरबीत संग्रहालय) एवढे सांगितले तरी पुरते. सोमवारी संग्रहालय बंद असते.

१९७५ ते १९९० या काळातील यादवी युद्धात शहराचे दोन भाग करणारी रेषा या इमारतीजवळूनच जात होती. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरिस शेहाब यांनी लहान वस्तू तळघरात ठेवून वाट भिंतीने बुजवली, जमिनीवरील मोझेकवर (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांवर) प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओतले आणि हलवता न येणाऱ्या दगडी शवपेट्यांभोवती लाकूड व काँक्रीटचे कोष उभारले. हे कोष फोडतानाचा लहानसा माहितीपट आधी पाहावा. आम्ही तो शेवटी पाहिला आणि तळमजल्याची फेरी पुन्हा मारावी लागली.

दुसऱ्या फेरीत मी मेंढपाळाच्या मोझेकसमोर बराच वेळ उभा होतो. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, गोळ्या झाडण्यासाठी बंदूकधाऱ्यांनी पाडलेले भोक आहे, आणि ते मुद्दाम बुजवलेले नाही. एका कपाटात आगीने वितळून एकजीव झालेला काच, धातू आणि हस्तिदंताचा गोळा ठेवला आहे. त्यातली कोणती वस्तू कशाची, हे आता ओळखू येत नाही.

बिब्लोस या लेबनॉनमधील प्राचीन फिनिशियन शहराचा राजा अहिराम याची शवपेटी १९२३ मध्ये तिथेच सापडली. तिच्या झाकणाच्या कडेने फिनिशियन लिपीत कोरलेला मजकूर, चाल करून येऊन ही पेटी उघडणाऱ्या राजाला किंवा सेनापतीला शाप देतो. आपल्याकडच्या गधेगाळांवरील (गाढवाचे शिल्प असलेल्या जुन्या दानशिळांवरील) शापवचने वाचलेल्या माणसाला तो अगदी ओळखीचा वाटतो. अशा कोरीव मजकुरापुढे थांबण्याची सवय नसेल, तर निघण्यापूर्वी एक सकाळ पांडवलेण्यात, तिसऱ्या लेण्यातील सातवाहन राणी गौतमी बलश्रीच्या लेखासमोर घालवावी.

तळघरासाठी वेगळा तासभर राखून ठेवावा, कारण मानवी चेहऱ्यांच्या ३१ शवपेट्या तिथे ओळीने मांडल्या आहेत आणि आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा संग्रहालय बंद होण्याची वेळ झाली होती.