वर जाता जाताच खाली

हातात चेंडू आला की तो वर उडवायचा आणि झेलायचा, हा चाळा कुणाला शिकवावा लागत नाही. मुलं करतात, विचारात हरवलेली मोठी माणसंही करतात. चेंडू खाली का आला असं त्यांना मध्येच विचारलं, तर उत्तर तयार असतं : जोर संपला, म्हणून आला.

ऐकायला अगदी पटतं. पण जोर हाताचा होता आणि बोटं सुटली तेव्हाच तो संपला. पुढे चेंडूजवळ उरतो फक्त वेग, आणि त्याच्या मागे लागतं गुरुत्वाकर्षण. ते दर सेकंदाला या वेगातून ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाटा काढून घेतं, ना कमी ना जास्त. समजा, चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेकला. कुणी आडवं आलं नसतं तर सेकंदभरात तो ९.८ मीटर उंच गेला असता. प्रत्यक्षात पोचतो ४.९ मीटरवर. हे हुकलेले ४.९ मीटर म्हणजे हातातून नुसता सोडलेला चेंडू एका सेकंदात जेवढा पडतो, नेमकं तेवढंच अंतर. म्हणजे चेंडूचं पडणं माथ्यावरून सुरू होत नाही. हात सुटल्या क्षणापासून, वर चढत असतानाही तो पडतच असतो. मला हा हिशेब फार आवडतो. पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही, म्हणून जास्तच.

माथ्यावर चेंडू क्षणभर थांबतो असं वाटतं. तिथे वेग शून्य होतो हे खरं, पण गुरुत्वाकर्षणाने त्या क्षणी रजा घेतली असती, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. तरीही डोळ्यांना अगदीच खोटं ठरवता येत नाही. आपला हा चेंडू एकूण दोन सेकंद हवेत असतो आणि त्यातला पूर्ण एक सेकंद तो वरच्या सव्वा मीटरच्या आसपासच रेंगाळतो. उंचीचा वरचा पाव भाग, वेळ मात्र निम्मा. उंच उडी मारणारा खेळाडू हवेत तरंगल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने. हातचलाखीने चार-पाच चेंडू खेळवणाऱ्याला या हिशेबाची दुसरी बाजू भोवते : हवेतला वेळ दुप्पट हवा असेल, तर चेंडू चौपट उंच फेकावा लागतो.

तिरका फेकला की आडवा वेगही येतो, आणि गुरुत्वाकर्षण त्याच्या वाटेला जात नाही. पुढे जाणं एका चालीने, पडणं वाढत्या वेगाने. दोन्ही मिळून जी कमान होते ती अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं. पाण्याच्या नळीतून तिरकी धार सोडली की अख्खी कमान एकदम डोळ्यांसमोर उभी राहते. धार ४५ अंशांच्या आसपास धरली की पाणी सर्वांत लांब जातं.

चंद्रावर हा खेळ जास्त रंगेल. तिथलं आकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकं, त्यामुळे आपला तोच चेंडू जवळजवळ तीस मीटर उंच जाईल आणि बारा सेकंदांनी परत येईल. शिवाय तिथे हवा नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने तिथे हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि दोन्ही बरोबरच खाली टेकले.

इथे मात्र हवा आहे, आणि तिला वगळून लिहिलेली गणितं बॅडमिंटनच्या शटलला लागू पडत नाहीत. ते सपाट्याने निघतं, थोड्याच अंतरात वेग गमावतं आणि शेवटी जवळपास सरळ खाली कोसळतं. इटलीच्या तार्तालियाने १५३७ सालच्या आपल्या पुस्तकात तोफगोळ्याची वाट अशीच काढली होती : आधी सरळ रेषा, मग वळण, मग सरळसोट खाली. चित्र म्हणून त्याला आज हसतात. पण शटल पाहिलं की ते हसणं जरा घाईचं वाटतं. मागच्या रेषेजवळचा खेळाडू तर उंच आलेल्या शटलमागे धावतच नाही. ते जिथे कोसळणार, तिथे आधीच जाऊन रॅकेट उचलून उभा राहतो.