शर्मनचे पट्टे काही केल्या रंग धरेनात

आसल उत्तरची लढाई छोट्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यांनी टेबलावर खेळायची तर शर्मन रणगाडे लागतातच. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांनी अडवले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच मोर्च्यात डेक्कन हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे दुसऱ्या महायुद्धातले म्हातारे शर्मनही होते, उसाच्या आडोशाला दबा धरून बसलेले. त्यांची आठवण फारसं कोणी काढत नाही. आमच्या खेळात डेक्कन हॉर्स माझ्याकडे आली, म्हणून हा उद्योग. माप १/७२, म्हणजे खऱ्यातले सहा फूट इथे एक इंच. अख्खा रणगाडा साधारण आठ सेंटिमीटरचा.

जोडणीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खेळासाठी म्हणून काढलेले सोपे किट मिळतात. इटालेरीच्या फास्ट असेंब्ली मालिकेत आणि आर्मरफास्टमध्ये एका डब्यात दोन रणगाडे येतात आणि भाग अगदी मोजके असतात. जेवण आटोपून बसलं तर झोपायच्या आत दोन्ही उभे राहतात. पहिली जोडी अशीच झाली, त्यात लिहायला काही नाही.

खरी कटकट दुसऱ्या जोडीने केली. जुने किट, सेकंडहँड, म्हणून स्वस्त. कंपनीचं नाव घेत नाही. सांगाडा देखणा, वेल्डिंगची रेघसुद्धा दिसते. पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्या, मात्र वेगळे दिलेले, काळे, लवचिक, रबरासारखे. डब्यावर हे कौतुकाने छापलंय. आणि ते जोडायचे कसे, तर सूचनापत्रात एक चित्र: खुंटीवर टेकवलेला तापलेला स्क्रूड्रायव्हर. झालं, संपल्या सूचना!

पट्ट्याच्या एका टोकाला दोन खुंट्या, दुसऱ्या टोकाला दोन भोकं. खुंट्या भोकांतून काढून वरून चेपायच्या. स्क्रूड्रायव्हर जरा जास्त तापला की खुंटी वितळून तिचा धागाच निघतो. कमी तापला तर नुसती वाकते आणि हात काढला की निर्लज्जासारखी पुन्हा सरळ. बरं, जोड बसला तरी पट्टा आखूडच. शर्मनचं दातेरी चाक पुढे असतं. पट्टा ताणला की ते चाक आत कलतं, मधली चाकं अधांतरी राहतात आणि तीस टनांचा रणगाडा जमिनीपासून चार बोटं वर तरंगतोय असं दिसतं. फेविक्विक लावलं तर ते कडक होतं, पट्टा वाकतो, आणि टक्कन आवाज करून जोड सुटतो. हा आवाज मी आता झोपेतही ओळखीन.

रंगाची तर वेगळीच तऱ्हा. अ‍ॅक्रिलिक लावला, सुकला, छान दिसला. खेळायला घेतला आणि संध्याकाळपर्यंत बोटांना काळे कपचे. शोकेसमधल्या मॉडेलला कोणी हात लावत नाही; आपला रणगाडा दर चालीला उचलला जातो, आणि उचलणारा नेमका पट्ट्यांवरच बोटं ठेवतो.

शेवटी सुचलं की हे प्लॅस्टिक कुठलं ते आधी बघावं. पट्ट्याचा कोपरा कापून वाटीभर पाण्यात टाकला आणि बोटाने बुडवला. पुन्हा वर आला. म्हणजे पॉलिथिन. मेणचट असतं ते, त्याला ना रंग धरत ना गोंद. तुकडा बुडाला असता तर व्हिनाइल म्हटलं असतं. व्हिनाइलचा त्रास निराळा: ते वर्षानुवर्षं चाकांना टेकून राहिलं तर चाकांचं प्लॅस्टिक खातं. तिथे चाक आणि पट्टा यांच्यामध्ये रंगाचा जाड थर हवाच.

पॉलिथिनवर लागू पडलेला उपाय असा. पट्टे भांड्याच्या साबणाने ब्रश मारून धुवायचे. जोडाला दोऱ्याचे दोन टाके घालायचे. जोड वरच्या बाजूला ठेवला तर शर्मनचा पसरलेला सांगाडा तो झाकतो. पट्टा चाकांना चिकटत नाही ना, मग टाचणी अर्धी कापून पट्ट्यातून थेट चाकात खुपसायची. टाचणीचं डोकं बाहेर राहतं, पण ते जमिनीकडे, कोण बघतंय! मग पातळ फेविकॉलचा हात. तो सुकला की लवचिक साल तयार होते आणि तिच्यावर रंग बसतो. रंगावर मॅट वॉर्निश द्यायलाच हवं, नाहीतर घामेजल्या बोटांनी फेविकॉल पुन्हा चिकट होतो.

त्यातूनही कुठे उघडं पडलंच तर चिखल. फेविकॉलमध्ये कुंडीतली बारीक चाळलेली माती कालवून खालच्या बाजूला थापायची. इथे इतिहासही आपल्या बाजूने आहे: कालव्याचं पाणी सोडून शेतं भिजवली होती, पॅटन त्यातच रुतले. (गाळणी वेगळी आणा. चहाच्या गाळणीवरून आमच्याकडे जे झालं ते इथे लिहीत नाही.)

पट्ट्यांना चंदेरी रंग देऊ नका, हे राहिलंच. शर्मनला रबरी ठोकळ्यांचे पट्टेही असत. काळपट करडा द्या आणि फक्त कडांवर पेन्सिलीचं शिसं घासा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर पट्टा वर कसा सैल लोंबतो ते नीट बघून घ्या, कुठल्याही फोटोपेक्षा ते जास्त कळतं.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टरेट, म्हणजे तोफेचा वरचा घुमट, चिकटवू नका, खेळताना फिरवावा लागतो. अँटेना, हेडलाइट, फावडी असली नाजूक कामं डब्यातच राहू द्या, पहिल्याच डावात मोडतात. स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, भाग काढायला नेलकटर चालतो, खूण पॉलिश पेपरने घासायची.

दुसरी जोडी आता पहिलीच्या शेजारी उभी आहे आणि कुठली कुठली ते लांबून ओळखू येत नाही, याचा मला जरा गर्वच आहे. पण पुन्हा असलं किट घेणार नाही, फुकट दिलं तरी.

पॅटन अजून जमवायचेत. विकणाऱ्याला आता पहिला निरोप एकच जातो: किंमत नंतर, आधी पट्ट्यांचा फोटो पाठवा. निम्मे जण 'ओरिजिनल पीस आहे सर' एवढंच कळवतात.