मामाच्या चॅम्पला पाईनचं नवं खोकं

मागच्या मे महिन्यात मामाचा फेंडर चॅम्प, म्हणजे गिटारचा छोटा अँप, माळ्यावरून काढला तेव्हा खोक्याची खालची बाजू हातातच आली. वाळवी लागलेली. स्पीकर ज्या फळीवर बसतो ती फळी, म्हणजे बॅफल, भुश्याच्या बोर्डची होती, ओल पिऊन पार फुगलेली आणि वरचं काळं रेक्झीन सुटून लोंबत होतं. पण चेसिस, म्हणजे आतल्या सर्किटचा पत्र्याचा सांगाडा, शाबूत! चंदेरी पट्टी, निळी अक्षरं, सगळं जागेवर. सत्तरच्या दशकातला अँप आहे हा, मामाच्या मर्चंट नेव्हीतल्या मित्राने आणलेला, आणि मामाने पुण्यात कित्येक वर्षं गणपतीतले ऑर्केस्ट्रा याच्यासमोर माईक लावून वाजवलेत.

आत फारसं काही नाही, तीनच व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), पुढे १२एएक्स७, पॉवरला एकटा ६व्ही६ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५वाय३. आवाज जेमतेम ५-६ वॉट. अमेरिकन सप्लायचा असल्यामुळे आपल्याकडे स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आतलं काम मी केलं नाही, पासोड्या विठोबाजवळ एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे आजोबा आहेत त्यांच्याकडे दिलं. कुणी घरी उघडणार असाल तर प्लग काढला म्हणजे झालं असं समजू नका, फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज तसाच बसून राहू शकतो आणि तो माणूस मारू शकतो.

माझं काम खोक्याचं. ओळखीच्या सुतारकाकांकडे गेलो तर ते म्हणाले, "अहो सागवान घ्या, वाळवीचं नाव नको." इतर सगळ्यांनीही तेच सांगितलं, नाहीतर मग चांगला १९ एमएमचा प्लाय. मला पाईनच हवं होतं. फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करता करता लिओ फेंडर अँप बनवायला लागला तेव्हा त्याने पाईन वापरलं कारण ते हलकं आणि स्वस्त होतं, पण त्या हलक्या फळ्या स्पीकरबरोबर थरथरतात आणि त्या थरथरीचा आवाजात थोडा वाटा असतो. लाकडाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो असं मी म्हणणार नाही, खोक्याचं माप आणि बॅफल यांचा वाटा जास्त. तरी हात ठेवला तर वाजताना जिवंत लागेल असं खोकं मला मामासाठी करायचं होतं, आणि जड सागवानात ते झालं नसतं.

पाईन मिळालं भोसरीत, बाहेरून आलेल्या मशीनच्या क्रेटमधलं. अशा क्रेटवर शिक्का बघायचा, एचटी असेल तर लाकूड गरम करून किडे मारलेले असतात, एमबी असेल तर मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. फळ्या घरात पंख्याखाली दीड महिना ठेवल्या, दोन वाकल्या त्या बाजूला काढल्या. बाकीच्यांना रंधा मारला तेव्हा जो वास सुटला तो अजून खोलीत आहे असं वाटतं.

कोपऱ्यांना फिंगर जॉईंट. बोटात बोटं अडकवल्यासारखा सांधा, खिळा नाही की स्क्रू नाही, नुसतं फेविकॉल. राऊटर नव्हता म्हणून करवत आणि पटाशी, आणि सुतारकाकांनी दोन रविवार शेजारी बसून शिकवलं. खुणा पेन्सिलने नाही, सुरीच्या टोकाने करायच्या, हे त्यांचं एक वाक्य सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त उपयोगी पडलं. पहिल्या कोपऱ्यात फट राहिली, तिथे त्याच लाकडाची पातळ चीप ठोकली. शिकंजे लावल्यावर खोकं काटकोनात आहे का बघायला दोन्ही कर्ण मोजले, २ एमएमचा फरक आला, शिकंजा तिरका करून ओढला तेव्हा बरोबर झालं.

बॅफल ९ एमएम प्लायचा, चिकटवला नाही, स्क्रूवर बसवला म्हणजे उद्या बदलता येईल. मूळ स्पीकर ८ इंची होता, त्याचा कागदी कोन फाटलेला, म्हणून ४ ओहमचाच १० इंची घेतला आणि खोकं दोन्ही बाजूंनी थोडं वाढवलं. पाठ अर्धी उघडी ठेवली. उघड्या पाठीत मागून निघणारा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खालचे सूर थोडे खातो, पण बॅफल रुंद झाला की तो वळसा लांबतो आणि बेस जरा टिकतो. शिवाय व्हॉल्व्ह उलटे लटकतात, त्यांना हवा हवीच.

सगळं जोडून चालू केलं आणि नुसता हम्म्म. दोन दिवस व्हॉल्व्ह बदलून बघ, केबल बदलून बघ असं चाललं होतं. मग जुन्या खोक्याची वरची फळी भंगारात टाकायला उचलली तर तिच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेला! या अँपची चेसिस वरून उघडी असते, तिचं झाकण म्हणजे तो पत्रा, तो चेसिसच्या कडांना टेकला की बाहेरचा हम आत येत नाही. माझ्या नव्या फळीला तो नव्हताच. तोच पत्रा सोडवून, घासून नव्या खोक्यात लावला आणि खोली शांत झाली.

रेक्झीन लावलं नाही, चंद्रसाचे (पारदर्शक रोगणाचे) चार हात दिले, गाठी छान उठून दिसतात.

मामा आता ७४ चा आहे, बोटं आखडलीत. त्याने व्हॉल्यूम ४ वर ठेवला, ई तार छेडली आणि डावा हात खोक्यावर ठेवून सूर संपेपर्यंत तसाच बसला. मग म्हणाला, "अरे हे तर आधीपेक्षा जास्त बोलतंय." आणि लगेच, "मागचा एक स्क्रू वाजतोय बघ."

खरंच वाजत होता. उजवीकडचा खालचा.