चिमूट आणि काटा

भाचा परवा घरी आला तो खिशात काटा घेऊन. सराफ्यात सोनाराच्या काउंटरवर असतो तसला, तळहातावर मावणारा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. पुण्यातली नोकरी सोडून इंदूरला परत आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच आहे. आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातच्या पोह्यांच्या दुकानांची साखळी काढायची. आधी भंवरकुवाला एक दुकान, मग विजयनगर, मग उज्जैन, भोपाळ आणि शेवटी पुणे. पुणेकरांना पोहे विकायचे म्हणजे उलटी गंगा, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "मामा, पुण्यात रोज सकाळी इंदुरी पोह्यांची आठवण काढणारा मी एकटा नव्हतो."

आमच्या रामबागेतल्या घरचे पोहे धड कांदेपोहे नाहीत आणि धड इंदुरीही नाहीत. शेंगदाणे आणि ओलं खोबरं ही आईच्या सासरची शिस्त. फोडणीत बडीशेप, वर शेव आणि जिरावन मसाला हा माळव्याचा संस्कार. होळकरांबरोबर मराठी माणसं इथे आली आणि येताना पोहे घेऊन आली, असं आमच्याकडचे म्हातारे छाती काढून सांगायचे. पुढे इथल्या माणसानं पोह्याशेजारी जिलबी ठेवली. त्याचं श्रेय आमच्यापैकी कोणी कधी मागितलेलं नाही, पण खाताना कोणी मागेही राहिलेलं नाही.

तर भाचा म्हणाला, "आजी, तू रोजच्यासारखे कर. मी नुसता बघतो."

नुसता कसला बघतोय! आईची बोटं हळदीच्या डब्यातून बाहेर आली की हा मध्येच वाटी धरायचा. हळद वाटीत, वाटी काट्यावर, आकडा वहीत, मग हळद कढईत. तोवर फोडणी करपली म्हणून ती पुन्हा केली. पहिल्या चिमटीत हळद भरली ०.७ ग्रॅम. दुसऱ्या घाण्याला १.१.

"आजी, एकसारखी घे ना."

"एकसारखीच घेतली."

"चारशे मिलिग्रॅमचा फरक आहे!"

"मग मघाशी कांदा किती होता, आत्ता किती आहे, ते बघ की."

त्यानं कांदा मोजला नव्हता. वहीत आणखी एक रकाना वाढला. मीठ किती, याचं उत्तर आलं "अंदाजानं". साखर किती, तर "गोड लागणार नाही इतपत". हे उत्तर त्यानं अक्षरशः वहीत उतरवून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मला गंमत वाटत होती, पण पोराचं सगळंच चुकत होतं असं नाही. दुकानांची साखळी उभी करणाऱ्या माणसाचा धंदा मुळात स्वयंपाकाचा नसतोच. त्याला पदार्थ येत असला तर ठीक, नसला तरी अडत नाही. सुगरणीची ऐट असते की माझ्याशिवाय हे कोणाला जमायचं नाही. याची सगळी खटपट उलट दिशेनं. आपण नसताना, परगावी, काल कामाला लागलेल्या पोराच्या हातूनही तेच व्हावं.

आमच्याच गावात उदाहरण आहे. २०१६ साली भंवरकुवाला दोन तरुण मित्रांनी कुल्हडातल्या चहाचं दुकान काढलं. त्यातला एक यूपीएससीची तयारी करत होता. आज 'चाय सुट्टा बार' देशभर दिसतं. नावात सुट्टा असला तरी आत सिगारेट ओढायला मनाई आहे, हा मला त्यातला सगळ्यात इंदुरी भाग वाटतो. चहा काय, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. पण हॉस्टेलातल्या पोरापोरींना घोटभर चहावर तासभर टेकायला जागा हवी असते, हे त्यांनी हेरलं. भाच्याचं दैवत तेच. माझं वय पाहता मला आठवतो तो मॅकडोनाल्ड्सची साखळी उभी करणारा रे क्रॉक.

या क्रॉकची कारकीर्द बघितली की पन्नाशीतल्या माणसाला जरा बरं वाटतं. आधी पियानो वाजवला, मग कागदी कप विकले, मग मिल्कशेक घुसळायची यंत्रं. एका यंत्रात एका वेळी पाच शेक व्हायचे. १९५४ साली त्याच्या कानावर आलं की कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड नावाच्या दोन भावांच्या एकाच दुकानात अशी आठ यंत्रं चालतात. एका वेळी चाळीस शेक लागतात तरी कोणाला, हे बघायला तो गेला. तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. त्या भावांनी १९४८ सालीच पदार्थांची यादी छाटून मोजकी केली होती. स्वयंपाकघर कसं मांडायचं हे त्यांनी टेनिस कोर्टावर खडूनं आखून ठरवलं होतं. पोरांना त्या रेघांमधून खोटंखोटं काम करायला लावलं, कोण कोणाला धडकतो ते पाहिलं आणि मग रेघा बदलल्या. आमच्या लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची अशी तालीम एकदा तरी घ्यायला हवी होती. आमटीवाला आणि ताकवाला यांची टक्कर मी पंचवीस वर्षं बघतोय.

क्रॉकनं त्यांच्याशी करार केला आणि १९५५च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमध्ये डेस प्लेन्सला स्वतःचं पहिलं दुकान उघडलं. १९६१ साली भावांना २७ लाख डॉलर देऊन नावासकट धंद्याचे हक्क विकत घेतले. त्याच वर्षी एका दुकानाच्या तळघरात त्यानं 'हॅम्बर्गर विद्यापीठ' काढलं. तिथे हॅम्बर्गरशास्त्राची पदवी मिळते! पण मला त्याच्या गोष्टीतला आवडता भाग पैशांचा नाही, बटाट्यांचा आहे.

पहिल्या दुकानात क्रॉकनं बटाट्याच्या सळ्या अगदी भावांच्या पद्धतीनं केल्या. बटाटा त्याच जातीचा, कापणं तसंच, धुणं तसंच, तळणं तसंच. झाला लगदा. पुन्हा केल्या, पुन्हा लगदा. भावांना विचारलं तर त्यांनाही कळेना, कारण ते काही वेगळं करतच नव्हते. शेवटी बटाटा-कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेतल्या एका जाणकारानं त्याच्याकडून सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं, तेव्हा उलगडा झाला. भावांचे बटाटे दुकानामागे जाळीच्या कप्प्यांत सावलीला पडलेले असायचे. त्यातून वाळवंटी वारा वाहायचा, बटाटे आतून सुकायचे, त्यातली साखर उतरून पिठूळपणा यायचा. क्रॉकचे बटाटे तळघरात. कृतीचा कागद त्यानं आणला होता, वारा आणायचा राहिला होता. मग त्यानं तळघरात भलामोठा पंखा लावला.

ही गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली नाही. उगाच मामाचं पांडित्य नको.

त्याच आठवड्यात त्याला सराफ्यात मात्र नेलं. रात्री साडेनऊ-दहाला सोन्या-चांदीच्या दुकानांची शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात. थंडी असल्यामुळे गराडू तळत होते. लिंबू आणि मसाला मारलेला तो गरम कंद फुंकत फुंकत आम्ही जोशींच्या दहीबड्यापाशी पोचलो. तिथली कसरत सगळ्या गावाला पाठ आहे. दह्यानं भरलेला द्रोण गिरकी घेत हवेत जातो आणि थेंब न सांडता हातात परत येतो. पण माझं लक्ष नेहमी पुढच्या गोष्टीकडे असतं. चार-पाच मसाले एकाच चिमटीत उचलायचे आणि द्रोणावर एकेक करून वेगवेगळे सोडायचे. आधी मीठ, मग मिरची, मग जिरं, मधल्या रेघा न पुसता.

ज्या ओट्यावर दिवसभर मिलिग्रॅमवरून घासाघीस चालते, तिथेच रात्री असा चिमटीचा कारभार. आजोबांच्या वेळी तर दिवसा सोनं गुंजा आणि मासे या वजनांत मोजलं जायचं. भाचा बराच वेळ बघत राहिला. त्याचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. काटा त्यानं बाहेर काढला नाही.

"मामा, याची दुसरी ब्रँच निघणार नाही," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. इथेच यायचं. पण पोहे काही हवेत उडवावे लागत नाहीत ना."

हे मात्र पटलं. पोह्यांचा तो मोठेपणाच आहे. त्यात कोणाला कसब दाखवायला फारशी जागा नसते, म्हणून तर मुलगी बघायच्या कार्यक्रमाला ते बिनधोक मानले गेले.

पुढच्या रविवारी त्यानं ओळखीच्या एकाचं स्वयंपाकघर दिवसापुरतं भाड्यानं घेतलं. दोन मुलं कामाला, भिंतीवर छापील कार्ड. पोहे १ किलो, हळद इतके ग्रॅम, बडीशेप इतकी, तेल इतकं. 'गोड लागणार नाही इतपत' साखरेचासुद्धा आकडा ठरला होता. चव बघायला आईला आणि मला बोलावलेलं. इंदुरी पद्धतीनं खाली पाणी उकळत ठेवून वर वाफेवर परात ठेवलेली, म्हणजे पोहे दुपारपर्यंत नरम राहतात. रंग सुरेख. वास अगदी घरचा. पहिला घास घेतला आणि दातांखाली करकर. दाणा बाहेरून ओला, आत कोरडा. दुसऱ्या घाण्याला मुलांनी घाबरून पाणी जास्त मारलं, त्याचा गिच्च गोळा झाला. चमचा उभा राहिला त्यात.

भाच्यानं कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. सगळं कार्डाप्रमाणेच होतं. आईनं परातीतला एक दाणा दोन बोटांत चिरडून बघितला.

"भिजवल्यावर लगेच टाकलेत का रे?"

"मग काय करायचं? धुतले, निथळले, टाकले. तू पण तेच करतेस. मी बघितलंय."

"मी लगेच कुठे टाकते?"

मला एकदम तो वाळवंटातला वारा आठवला. पोहे धुऊन रोळीत निथळत ठेवले की आई स्वयंपाकघरातून बाहेर जाते. रोज जाते. कुठे जाते हे आमच्या घरात कोणी कधी बघितलेलं नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. भाचाही तेवढ्या वेळात मोबाइल काढून बसला असणार. ती देवघरात जाऊन दिवा लावते, अथर्वशीर्ष म्हणते आणि परत येते. तोवर पाणी दाण्याच्या आत मुरलेलं असतं.

भाच्यानं तिथल्या तिथे तिला अथर्वशीर्ष म्हणायला लावलं आणि मोबाइलवर वेळ लावली. कामाची दोन्ही मुलं नकळत हात जोडून उभी राहिली. आई डोळे मिटून म्हणत होती. एकीकडे परातीखाली पाणी खदखदत होतं. संपल्यावर त्यानं पेन काढलं आणि भिंतीवरच्या कार्डावर निथळण्याच्या ओळीपुढे लिहिलं, '७ मिनिटे'.

आईनं चष्मा वर करून ते वाचलं.

"फलश्रुती धरून की सोडून?"